तिसरी मूठ

मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीला दहा-बारा मिनिटं उरलेली असताना, रूपालीच्या पडद्यावर तिच्या आईचे हात आले. आधी ते नुसतेच हात होते. गेले आठ महिने ती हातच पाहत आली होती. नांदेडात तरोडा नाक्याजवळ, फरशीच्या दुकानावरच्या मजल्यावर, खिडक्यांना निळा कागद चिकटवलेल्या त्या हॉलमध्ये बसून तिनं जितके हात पाहिले होते तितके एखाद्या ज्योतिषानं जन्मात पाहिले नसतील. तोंड कुणाचंच दिसत नसे. काम करणाऱ्या बाईच्या कपाळावर पट्ट्यानं कॅमेरा बांधलेला असे, आणि त्याला दिसे ते एवढंच: कोपरापासून पुढचे दोन हात आणि त्या हातांपुढचं काम. घडी घालायचे टॉवेल, चिरायची भेंडी, पुसायचा ओटा. कोपऱ्यात एक क्रमांक. त्या हातांची एकेक हालचाल वेगळी तोडायची, तिला यादीतलं नाव द्यायचं, उचलणे, धरणे, सरकवणे, ठेवणे, झाकणे, टाकणे, आणि शेवटी ‘योग्य’ किंवा ‘बाद’ असा शिक्का मारून पुढं ढकलायचं. हे सगळं लांब कुठंतरी एका दोन हातांच्या यंत्राला भरवलं जाणार होतं, म्हणजे ते यंत्र टॉवेलांच्या घड्या घालायला, भेंडी चिरायला, ओटा पुसायला शिकणार होतं. बी.एस्सी. कॉम्प्युटर होऊन आपण यंत्राची बालवाडी घेतो, असं ती मनात म्हणायची. तसं म्हणताना स्वतःची जी कीव यायची तिच्यात थोडी मजाही असायची. मंगळवारी ती मजा गेली. पडद्यावरच्या सुपात तुरीची डाळ होती, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी एक गोंदलेला विंचू होता, त्याला नांगी नव्हती. गोंदणारीनं नांगी काढायला सुई टेकवली तेव्हा नऊ वर्षांची सरजा, म्हणजे रूपालीची आई, हात हिसकावून पळाली होती, ती पुन्हा बसलीच नाही. बिननांगीचा असा विंचू अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या हातावर असणं शक्य नव्हतं.

पलीकडच्या रांगेत यज्ञेश सर कुणाला तरी भविष्य समजावत उभे होते. यज्ञेश हा त्यांचा टीम लीडर, वयानं रूपालीएवढाच, पुण्यात चार वर्षं काढून आलेला आणि त्या चार वर्षांचा वास अजून कपड्यांना धरून ठेवलेला. भविष्य हा त्याचा आवडता विषय होता, कारण भविष्यात त्याला कुणी खोटं पाडणारं नव्हतं. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत, टिकले तर सणाला गावी जातात. हे यंत्र सणाला जाणार नाही. पाच वर्षांत ते घरकामाच्या बाईपेक्षा स्वस्त होईल. मग माणसाला माणसासारखी कामं करता येतील. माणसासारखी म्हणजे कोणती, हे त्याला एकदा रूपालीनं विचारलं होतं, तेव्हा त्यानं हात पसरून हॉल दाखवला होता. बावीस जण, बावीस पडदे, निळा उजेड, आणि कोपऱ्यात कधीच न भरला जाणारा पाण्याचा जार. त्याच आठवड्यात त्यानं सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं की, पुढच्या महिन्यापासून हालचालींना नावं द्यायचं कामही यंत्र आपलं आपणच करायला लागेल. मग बावीस नाही, आठ-नऊ जण पुरतील, आणि ज्यांच्या शिक्क्यांत कमीत कमी चुका निघतील ते राहतील. हे त्यानं अशा आवाजात सांगितलं, जणू पोरं मोठी होऊन कमावती झाल्याची बातमी देत होता. दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोघांची नावं रूपालीनं मनात लिहून ठेवली. त्यांच्यावर राग होता म्हणून नाही. आपणही हात वर उचलले होते आणि ऐन वेळी केस सारखे केले, हे तिला विसरायचं नव्हतं.

आईच्या हातात दोष होता, म्हणून ती क्लिप थांबली. तीन वेळा उजवा हात डाळीतला खडा, फोलपट, न फुटलेला दाणा वेचायचा, निवडलेली मूठ सुपाच्या तोंडाकडं सरकवायचा. आणि तिसऱ्या मुठीनंतर डावा हात सूप सोडून खाली जायचा, मांडीच्या डाव्या अंगाला, जिथं सतरंजीशिवाय काही नव्हतं. चित्राच्या अगदी कडेला तो अर्धा कापला जायचा. तिथं तो पंजा पालथा पडायचा, दोनदा हलके थोपटायचा, आणि वर यायचा. पुन्हा तीन मुठी, पुन्हा तो हात खाली. नऊ मिनिटांत अकरा वेळा. यादीत अशा हालचालीला नाव होतं: ‘निरर्थक’. एका क्लिपमध्ये तीन निरर्थक हालचाली निघाल्या की क्लिप बाद; तीन क्लिपा बाद झाल्या की तो क्रमांक बंद, त्या बाईला पुन्हा बोलवत नसत. सरजाबाईच्या क्रमांकाच्या दोन क्लिपा आधीच बाद झालेल्या होत्या. ही तिसरी. आणि बादचा शिक्का मारायला कुणी परका नव्हता, तिची एकुलती एक लेक बसली होती, एका हातात माऊस आणि दुसऱ्या हातात डब्याचं झाकण.

तिला ते थोपटणं लगेच कळलं. कळलं म्हणजे पाठीला कळलं. ती तीन-चार वर्षांची असेल, लातूरच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलच्या शेडमध्ये चाळीस बायका ओळीनं सुपं घेऊन बसायच्या, आणि सरजाबाईच्या डाव्या मांडीला लागून तरटावर गोधडीत ती झोपलेली असायची. पत्र्याखालची ऊब, हवेत तरंगणारी पिवळी भुकटी, नाकात सतत खवखव, चाळीस सुपांचा सळसळता आवाज, त्या आवाजात अधूनमधून मुकादम वैजनाथचा खाकरा. आणि या सगळ्यातून तालात, ठरल्या वेळानं पाठीवर उतरणारा तो पंजा, दोनदा. उठल्यावर तिच्या गालावर डाळीचे वण उमटलेले असायचे, बारीक चंद्रकोरींसारखे, आणि केवळाबाई नावाची आईची जोडीदारीण ते वण मोजत तिला हसवायची. पंचवीस वर्षं झाली. तो हात अजून खाली जात होता. पोर मोठी झाली, शिकली, लग्न होऊन नांदेडला गेली, तिला पोर झालं, आणि हा हात रिकाम्या सतरंजीवर अजून तिला निजवतो आहे. रूपाली उठून बाथरूममध्ये गेली, नळ सोडून रडली. आणि रडता रडताच आरशात स्वतःचं तोंड दिसलं, तेव्हा तिला किळस आली. मोबाईलवर आईच्या मायेचे व्हिडिओ फिरतात, मागं बासरी वाजत असते, ते पाहून शेजारच्या उज्वलाताई पदर डोळ्याला लावतात. तसंच हे तोंड होतं. आपल्याला रडू कशाचं येतंय? तिच्या थोपटण्याचं, की त्या थोपटण्याला ‘निरर्थक’ म्हणायची नोकरी आपल्याला टिकवायची आहे याचं? तिनं तोंड धुतलं, परत येऊन क्लिप ‘प्रलंबित’मध्ये टाकली. प्रलंबित ठेवायला सोमवारपर्यंत मुभा असे.

डबा खाता खाता तिनं फोन लावला. सरजाबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. हाव, जाते, म्हणाल्या, औसा रोडला ते शिकवणीचे क्लास होते बघ, बंद पडले, त्या हॉलात. भिंतीवर अजून पोरांचे फोटो हायेत, टक्के लिहिलेले, समदे डाक्टर व्हायला निघालेले, आमच्याकडं बघत बसत्यात. डोक्याला लाइट बांधत्यात आन डाळ निवडा म्हणत्यात. केवळाबाईनं नेलं. काम काय, बसून हाय. आपल्याला का सांगितलं नाही असं रूपालीनं विचारलं. मग आई म्हणाली, तू नाक मुरडलं असतंस. आणि विषय बदलायला म्हणून की काय, त्या हॉलात उंदीर किती झालेत ते सांगत बसली. संध्याकाळी सतरंज्या उचलल्या की खाली डाळ निघते, उंदरं नेऊन साठवत्यात, त्या कॅमेऱ्याच्या पोरी घाबरून खुर्चीवर चढत्यात. रूपालीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिला एवढंच जाणवत राहिलं की सबंध बोलण्यात आपण नाक मुरडलेलंच होतं.

यंत्र कशासाठी शिकतंय ते आईला ठाऊक होतं का, हे तिनं विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. मिलमधल्या बायकांना वीस-बावीस वर्षांपूर्वी एकदा यंत्र दाखवलं होतं. रूपाली तेव्हा पहिलीत होती. रंग ओळखून डाळ निवडणारं ते मशीन आलं त्या दिवशी त्याच्यापुढं रांगोळी काढायला मालकानं निवडणाऱ्या बायकाच लावल्या, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा प्रत्येकीच्या हातावर ठेवला. वरून डाळीची धार पडायची, काळा दाणा दिसला की हवेचा एक फटकारा त्याला नेमका बाजूला उडवायचा. बायका हरखून बघत होत्या, कुणी तरी हातही जोडले होते. आठवड्यानं चाळीसपैकी तीन राहिल्या, झाडलोटीला. तेव्हा त्यांचं काम नुसतं हिसकावून घेतलं होतं. आता त्याच बायकांना शोधून आणून, कपाळाला पट्टा बांधून, दुसऱ्या यंत्राला तेच काम घरगुती पद्धतीनं शिकवा म्हणत होते. म्हणजे पहिल्यांदा घास काढून घेतला आणि आता चावायचं कसं ते विचारायला आले. आणि बायका सांगत होत्या, बसून काम हाय म्हणून.

दुपारभर ती दर दहा मिनिटांनी मोबाईलवर घर पाहत राहिली. पाळण्यावरच्या भिंतीत नागसेननं, तिच्या नवऱ्यानं, कॅमेरा बसवला होता, तिच्याच हट्टानं. चौदा महिन्यांच्या लेकीला, मित्राला, दिवसा उज्वलाताई सांभाळत, आणि सांभाळतात की नाही हे रूपालीला पाहायचं असे. वरून दिसायचे ते उज्वलाताईंचे हातच. दूध गार करणारे, दुपटं ओढणारे, कधी मोबाईल धरून पाळणा पायानं हलवणारे. आपण त्या हातांचीही मनातल्या मनात तोडणी करतो, उचलणे, ठेवणे, निरर्थक, हे तिच्या ध्यानात आलं होतं आणि तरी थांबवता येत नव्हतं. गेल्या महिन्यात यज्ञेशनं क्लिपांची नवी रास आणली: पोर निजवणे. खरं पोर चालत नव्हतं, म्हणून बायकांच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या बाहुल्या दिल्या होत्या, निळ्या डोळ्यांच्या, एकीचा पाय तुटलेला. आणि त्या बायका, कुठल्या गावच्या कुणास ठाऊक, त्या पायतुटक्या बाहुलीला इतक्या नेटानं थोपटत होत्या की यादीत नवं नाव घालावं लागलं: थोपटणे. मिनिटाला किती, जोर किती. यज्ञेश म्हणाला होता, म्हातारी माणसं आणि लहान पोरं, हा सगळ्यात मोठा बाजार. रूपालीनं त्या दिवशी घरी जाऊन मित्राला थोपटलं आणि मध्येच हात उचलून घेतला, आपणही कुठं तरी मोजले जातोय असं वाटून.

नागसेन रेल्वेच्या विभागीय कार्यालयात कंत्राटावर होता आणि कायम होण्याची आशा त्याच्या अंगात तापासारखी कायमची मुरली होती. रात्रीच्या जेवणाच्या ताटावर तिनं त्याला क्लिपचं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, तो नेहमीच नीट ऐकून घेई, आणि मग नियम सांगितला. तू सोडलीस तर वर तपासणारा दुसरा असणार; त्यानं पकडलं तर तुझी चूक धरणार; आठ-नऊमध्ये राहायचं असेल तर बाद करून मोकळी हो. मामींना काय, आपण सांभाळू की. ‘सांभाळू’ म्हणताना त्यानं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं पाहिलं, बहुतेक साक्षीला. सरजाबाई जावयाच्या घरी दोन दिवसांच्या वर राहिलेल्या नव्हत्या. मग तो म्हणाला की तसंही वाईट काय आहे त्यात, आपल्या आजा-पणजांनी जी कामं केली ती करायला यंत्र आलं तर बरंच, कुणाच्या डोक्यावर कसली पाटी राहणार नाही. हे त्याचं म्हणणं तिला खोडता येईना, आणि म्हणून त्याचा जास्त राग आला. पाटी जाईल हे खरं. पण पाटी गेली की त्या डोक्याला काय देणार आहेत ते, हे कुणीच सांगत नव्हतं. पट्टा बांधलेला तिनं पाहिला होता. मित्रा ताटातला भात मुठीत धरून दाबत होती आणि बोटांतून बाहेर येणारी शितं निरखत होती. या बोटांना पुढं काय काम असेल, या प्रश्नाशी रूपाली रोज येऊन थांबायची आणि रोज तिथून मागं फिरायची. काम नसेल तर सुख असेल, असं यज्ञेश म्हणायचा. बिनकामाच्या माणसाला या देशात काय मिळतं ते पाहायला त्याला गोदावरीच्या घाटापर्यंतसुद्धा जायची गरज नव्हती.

रविवारी ती मित्राला घेऊन सकाळच्या एसटीनं लातूरला निघाली. लोहा, अहमदपूर, चाकूर; सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं, आणि पुढच्या सीटवरच्या दोन माणसांची हार्वेस्टरवरची चर्चा. मशीन दोन तासांत रान मोकळं करतं, बायांच्या पाया पडायला नको, असं एक जण म्हणत होता. आणि त्याच्याच शेजारी, मांडीवर विळा फडक्यात गुंडाळून, एक बाई खिडकीबाहेर बघत बसली होती. तिनं ऐकलं असेल. चाकूरला उतरताना तिनं त्या माणसाला, भाऊ पाय घ्या, एवढंच म्हटलं. रूपालीनं स्वतःशी ठरवलं होतं ते सोपं होतं. आईला सांगायचं: डावा हात आवर. मग क्लिप बाद करायची, आणि दोन क्लिपांचं आधीचं झालेलं कसंही निभावून आईला नवा क्रमांक मिळवून द्यायचा, केवळाबाईच्या नावानं वगैरे. म्हणजे ती दोघींनाही वाचवणार होती. हा बेत मनात घोळवताना तिला बरं वाटत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याचा संशयही येत होता.

सरजाबाईंनी नातीला उराशी धरलं, तोंडावरून हात फिरवून बोटं कडकडा मोडली, चहा केला. रूपालीनं सरळ विषयाला हात घातला. पडद्यावर काय दिसलं, नियम काय, तिसरी क्लिप, सगळं. थोपटण्याचं सांगताना तिचा आवाज जरा ओला झाला आणि तिनं तो मुद्दाम कोरडा केला.

सरजाबाईंनी मान हलवली. “मी न्हाई करत तसं.”

“माय, मी डोळ्यानं बघितलं. अकरा वेळा.”

“दुसरी कुणी असंल.”

“विंचू पण दुसरीचा?”

त्यावर सरजाबाई उठल्या, खुंटीचं सूप काढलं, डब्यातली डाळ ओतली, फरशीवर बसल्या आणि निवडायला लागल्या. बघ म्हणाल्या. रूपाली समोर बसून बघत राहिली. तीन मुठी, सहा, नऊ. डावा हात सुपाची कड धरून गप्प होता. सरजाबाईंच्या तोंडावर खटला जिंकल्यासारखं हसू आलं. कॅमेऱ्याचं काय खरं, त्या म्हणाल्या, आन तुमच्या हापिसाचं बी काय खरं. मग मित्राला पेंग आली. रूपालीनं तिला आईच्या डाव्या अंगाला गोधडीवर टाकलं, दुपटं घातलं, आणि दोघी बोलत राहिल्या. केवळाबाईच्या गुडघ्यांचं, विहाराच्या नव्या फरशीचं, नागसेनच्या कायम होण्याचं. सूप चालूच होतं. बोलता बोलता रूपालीची नजर खाली गेली. तिसरी मूठ झाली, आणि डावा हात सुपात शिरला, मूठ भरून बाहेर आला, नातीच्या दुपट्याची कड दोन बोटांनी उचलून आत गेला, रिकामा होऊन वर आला, आणि पालथ्या पंजानं दोनदा थोपटलं. सरजाबाई विहाराच्या फरशीबद्दलच बोलत होत्या.

“माय,” रूपाली म्हणाली, “हात.”

सरजाबाईंनी खाली पाहिलं. दुपट्याच्या कडेतून चार पिवळे दाणे बाहेर आले होते. त्या बराच वेळ आपल्या हाताकडं बघत राहिल्या, दुसऱ्याच्या घरी आलेलं पोर बघावं तसं. आणि मग त्या हसायला लागल्या, आधी नाकातून, मग अंग हलवून, तोंडाला पदर लावून, मित्रा उठू नये म्हणून.

“उंदरं,” त्या म्हणाल्या. “आगं, सतरंजीखाली डाळ मीच ठिवत होते, आन त्या पोरी खुर्चीवर चढत होत्या.”

मग रूपालीला सगळं सांगितलं गेलं, तुकड्या-तुकड्यानं, डाळ निवडता निवडताच. वैजनाथ मुकादम मिल सुटताना प्रत्येकीची ओटी, कासोटा, चुंबळ झटकून बघायचा, पण झोपलेल्या पोराची गोधडी कोण झटकणार. तिसऱ्या मुठीला एक मूठ आत. ढीग दिसू नये म्हणून वरून थोपटायचं, पसरायचं. पोर निजलेलंच पाहिजे, म्हणून सकाळी दूध पाजायचं आणि मिलवर येईपर्यंत जागं ठेवायचं. समद्याच करायच्या, कुलकर्ण्यांची प्रेमलाबाई बी करायची, तिला पोर नव्हतं तर ती शेजारणीचं घ्यायची मांडीवर. काट्यावर वजन कमी दावून तो मुकादम आमची मजुरी मारायचा, मग आमी रोज आमचं घरी न्यायचो. तू त्याच डाळीवर वाढलीस बाई, आन वर विचारतीस, थोपटत होतीस का म्हणून. थोपटायला येळ कुणाकडं होता.

रूपालीच्या गालावर काहीतरी हललं. केवळाबाई वण मोजायची आणि हसायची. ती काय मोजत होती ते आज कळलं. पंचवीस वर्षं पाठीवर जपून ठेवलेला तो पंजा तिनं मनात पुन्हा चालवून पाहिला, आणि तो माया होता की माल लपवणं, हे तिला वेगळं करता येईना. तोडणी करायची तिची नोकरी होती, आणि ही एक हालचाल तिला तोडता येत नव्हती. बाथरूममध्ये रडलेल्या त्या तोंडाची तिला आता खरोखरीची लाज वाटली. ती बाई आईच्या रिकाम्या हातासाठी रडली होती. हात रिकामा नव्हता. आठ महिने हातांशिवाय दुसरं काही न पाहिलेल्या बाईला मूठ झाकलेली आहे हे दिसलं नव्हतं.

सरजाबाईंचं हसू मात्र विरलं होतं. त्या दाणे वेचून सुपात परत टाकत होत्या. “त्या मशीनला कळलं का गं,” त्यांनी हळूच विचारलं, “मी काय करून राहिले ते?”

“नाही. त्याला फक्त हात कसा जातो तेवढं कळतं.”

“म्हंजे ते बी आता तसंच करणार?”

“मी योग्य म्हटलं तर करेल.”

सरजाबाईंनी सूप खाली ठेवलं. यंत्राबद्दल त्यांना पहिल्यांदाच काहीतरी वाटलेलं दिसलं, आणि ते कौतुक नव्हतं. “त्याला पोर हाय का?” त्या म्हणाल्या. “मग ते मुडदं कुणासाठी नेणार?” आणि जरा वेळानं, सूप परत उचलत, कामाचं बोलावं तशा बोलल्या: बाद करायचं तर कर. तुझी नोकरी नको घालवू. मी लोकांची भांडी घासली, आणखी घासीन. हात आवर म्हणशील तर तेवढं मला जमायचं न्हाई. जे आपल्याला ठाऊकच न्हाई ते कसं आवरू.

परतीच्या एसटीत मित्रा जागी होती आणि रूपालीच्या ओढणीचं टोक चावत होती. घरी गेल्यावर तिच्या झबल्याच्या शिवणीत एक दाणा निघाला.

सोमवारी तिनं क्लिप उघडली आणि अर्ध्या वेगानं चालवली. आता सगळं दिसत होतं. खाली जाताना मूठ मिटलेली, कडेला अर्धी कापलेली, बोटांच्या फटीत पिवळं. वर येताना पंजा उघडा. तिनं यादी उघडली आणि ती हालचाल पहिल्यांदाच नीट, शिकवल्याप्रमाणं, तोडली. उचलणे. धरणे. ठेवणे. झाकणे. थोपटणे. पाचही नावं यादीतली होती, तिनं एकही खोटं लिहिलं नव्हतं. अकरा वेळा पाच, सगळीकडं हिरवी खूण. ‘निरर्थक’ शून्य. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी चकचकीत ओट्यावर, सणाला गावी न जाणारं ते यंत्र डाळ निवडता निवडता तिसऱ्या मुठीला थांबेल, एक मूठ बाजूला नेईल, काही नसलेल्या जागी झाकून ठेवेल आणि वरून दोनदा थोपटेल. मालकीण कंपनीला फोन लावेल. कंपनीची माणसं येतील, झाकण उघडून बघतील, बिघाड शोधतील. सापडायचा नाही. बिघाड नव्हताच तो. कदाचित असं काही होणारही नाही, अशा हजारो हातांत हा हात विरघळून जाईल. आपल्यालाही ते पक्कं ठाऊक आहे, तरी आपण एखादी ठिणगी टाकल्यासारखे बसलो आहोत, म्हणून तिला स्वतःचं हसू आलं. पण ते हसू मंगळवारच्या रडण्याइतकं ओंगळ नव्हतं.

पाठीमागं यज्ञेश येऊन उभा राहिला होता. प्रलंबित क्लिपा तो सोमवारी स्वतः पाहायचा. त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात टेकवला, चष्मा वर केला.

“रूपाली मॅडम, या डाव्या हाताचं काय? रिकामीच हालचाल वाटते.”

“रिकामी न्हाई, सर,” ती म्हणाली. लातूरची बोली तोंडात कशी आली ते तिला कळलं नाही, आणि तिनं ती सुधारलीही नाही. “मूठ भरलेली हाय. बघा. ते कामच हाय.”

त्यानं वाकून पाहिलं. त्याला हिरव्या खुणा दिसल्या, ओळीनं, एकही लाल नाही. पंचावन्नच्या पंचावन्न. त्याचं समाधान झालं, आणि तो पुढच्या रांगेकडं गेला. रूपालीनं ‘योग्य’ दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला, आणि दुसरी क्लिप सुरू झाली: दुसऱ्या कुणाचे तरी हात, हिरव्या बांगड्या, घडी घालायचे टॉवेल. तिची नजर आधी डाव्या हाताकडं गेली.